मणक्यात गॅप आहे म्हणे! ऑपरेशन करू की थांबू?

सातपूरकर | सोमवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. हा धागा उभ्याने टाइप करतोय, मोबाइल फ्रिजवर ठेवून. का ते कळेलच.

वय ४१, नाशिकच्या सातपूरला एका वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनवर आहे. दिवाळीच्या तोंडावर ट्रॉलीवरून जॉब, म्हणजे मशीनवर चढवायचा तुकडा, उचलताना कमरेत कट्कन वाजलं. दोन दिवस कंबर धरली होती. तिसऱ्या दिवशी कंबर सुटली आणि उजवा पाय धरला. कुल्ल्यापासून निघतं, मांडीच्या मागून, पोटरीच्या बाहेरच्या अंगाने थेट अंगठ्यापर्यंत. ठणका नाही, करंट. शिंक आली की भिंत धरतो. बसलो की पाच मिनिटांत जीव नको होतो, उभं राहिलं की जरा बरं. पोहे ओट्यापाशी उभ्याने, चहा गॅलरीत उभ्याने. बायको म्हणते घरात वॉचमन ठेवल्यासारखं वाटतं.

पाच आठवडे झाले. एमआरआय केला. रिपोर्टात लिहिलंय: एल-४ एल-५ ला डिस्क प्रोट्रूजन, उजव्या नर्व्ह रूटवर दाब, मल्टिलेव्हल डिजनरेटिव्ह चेंजेस. पहिले डॉक्टर फिल्म उजेडाला धरून म्हणाले, "मणक्यात गॅप आहे, याच आठवड्यात ऑपरेशन करा, नाहीतर पाय जाईल." माझ्या पायाला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. दुसऱ्यांनी पायावर टाचणी टोचून पाहिली, अंगठा वर करायला लावून स्वतःच्या बोटाने खाली दाबला, गुडघ्यावर हातोडी मारली आणि म्हणाले, "आणखी थोडे आठवडे थांबू."

आता ऐकू कोणाचं? आणि हा 'गॅप' म्हणजे नक्की काय? आईने तर तिसराच डॉक्टर शोधलाय, त्याबद्दल नंतर. मेडिक्लेम आहे, १४ महिन्यांपूर्वी काढलेला.

कडू_कारलं | सोमवार, रात्री ११:०५

मणक्यातला गॅप भरून निघेल हो. द्वारकेपासून नाशिकरोडपर्यंत रस्त्यात जे गॅप आहेत त्यांचं बघा. सिंहस्थाच्या नावाने जिथं तिथं खोदलंय. निम्मं शहर तुमच्या रांगेत उभं राहणार आहे.

निफाडकर | सोमवार, रात्री ११:२०

भाऊ, आमच्याकडं याला उसण भरणं म्हणतात. पायाळू माणसाकडून पाठीला तीनदा पाय लावून घ्या, उंबऱ्यात पालथं झोपून. माझ्या चुलत्याची उसण एका लाथेत गेली होती. हसू नका, डोळ्यांनी बघितलंय.

(इथं सकाळी इतकी थंडी आहे की सगळ्याच निफाडचे मणके धरलेत.)

सातपूरकर | सोमवार, रात्री ११:२४

@निफाडकर, आईचा तिसरा डॉक्टर म्हणजे हाच. मखमलाबादला एक पायाळू मावशी आहेत.

एक_रस्सा | मंगळवार, सकाळी ७:४०

सेम टू सेम, तीन वर्षांपूर्वी, फक्त माझं एल-५ एस-१ आणि डावा पाय. पोटरी आणि करंगळीची बाजू बधिर. तेव्हा मी रोज पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जा-ये करायचो. पास होता, जागा ठरलेली होती, ग्रुप होता. कसारा घाट येईपर्यंत मी सीटवर गुडघे टेकून उलटा उभा राहायचो, पाठ टेकायच्या ठिकाणी छाती टेकवून. लोकांना वाटायचं हा काहीतरी मंत्र म्हणतोय.

मलाही ऑपरेशन सांगितलं होतं. भीतीपोटी टाळलं, शहाणपणाने नव्हे. सहाव्या आठवड्यापर्यंत वाटत होतं की हे असंच राहणार. आठव्या आठवड्यात एक दिवस लक्षात आलं की सकाळी मोजे घालताना ओरडलो नाही. दहाव्या आठवड्यात गाडीत बसून इगतपुरीचा वडा खाल्ला. पोटरीतली थोडी बधिरता आजही आहे, पण ती आठवण काढली तरच जाणवते.

प्रेगाबालिन (शिरेच्या दुखण्याची गोळी) दिलंय का? मला त्याने इतकी गुंगी यायची की एकदा कल्याणला उतरायचं ते दादरला जागा झालो. ते मनाने एकदम बंद मात्र करू नका, डॉक्टरांना विचारून कमी करत आणा.

डॉक्टर_हातोडी | मंगळवार, दुपारी २:१५

अस्थिरोगवाला आहे. धाग्यावर तपासणी होत नसते, तेव्हा हे सर्वसाधारण म्हणून वाचा.

आधी तो 'गॅप' मिटवू. हा शब्द कोणी आणला ठाऊक नाही, पण त्याने महाराष्ट्रातल्या पेशंटची जितकी झोप उडवली आहे तितकी चकतीनेही उडवली नसेल. दोन मणक्यांमध्ये चकती असते. बाहेर चिवट तंतूंचं कडं, आत मऊ गर. वय वाढतं तसं गरातलं पाणी कमी होतं आणि चकती चपटी होते. म्हणजे फिल्मवर दोन मणक्यांमधली जागा उलट कमी झालेली असते. गॅप पडलेला नाही, होता तो कमी झालाय. आणि चकती 'सरकत'ही नाही, ती दोन्ही मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. कडं चिरतं आणि आतला गर मागे, शिरेच्या (म्हणजे नर्व्हच्या) वाटेवर येतो. पिकलेल्या करवंदाला चिमटा काढल्यावर होतं तसं.

कमरेत पाच मणके, एल-१ ते एल-५. त्याखालच्या त्रिकास्थीचा पहिला भाग एस-१. हा प्रकार बहुतेक वेळा सगळ्यात खालच्या दोन चकत्यांमध्ये होतो, एल-४ एल-५ आणि एल-५ एस-१, कारण वाकण्याचा आणि वजनाचा भार तिथेच येतो. सातपूरकरांची वेदना अंगठ्यापर्यंत जाते, ही एल-५ ची शीर. एक_रस्सांची करंगळीकडे जात होती, ती एस-१. पेशंटने बोट फिरवून दाखवलं की निम्मं निदान तिथेच होतं. म्हणून पायाला हात न लावता नुसत्या फिल्मवरून घेतलेल्या निर्णयावर माझा विश्वास नाही, मग तो ऑपरेशनचा असो की थांबण्याचा.

का, ते सांगतो. कसलीही पाठदुखी नसलेल्या माणसांचे स्कॅन काढून पाहिलेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ३,११० माणसं. त्यात चाळिशीतल्या ६८ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या होत्या आणि ५० टक्क्यांच्या फुगलेल्या. काहीही दुखत नसताना! तेव्हा 'मल्टिलेव्हल डिजनरेटिव्ह चेंजेस' हे ४१ व्या वर्षी केस पांढरे होण्यासारखं समजा. रिपोर्टातल्या ज्या ओळीचा तुमच्या पायाशी मेळ बसतो तेवढीच ओळ कामाची.

दुसरी गोष्ट, बाहेर आलेला गर शरीर स्वतः खाऊन टाकतं. गंमत म्हणजे मोठा, पूर्ण तुटून बाहेर पडलेला तुकडा नुसत्या फुगवट्यापेक्षा जास्त विरतो. बहुतेकांचा पाय ६ ते १२ आठवड्यांत सुधारतो. नॉर्वेत वेबर नावाच्या डॉक्टरांनी पेशंटचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एकाचं ऑपरेशन, दुसऱ्याचं नाही. १९८३ साली त्याचे निकाल आले. एका वर्षाने ऑपरेशनवाले सरस, चार वर्षांनी फरक फारसा नाही, दहा वर्षांनी दोघे सारखेच. म्हणजे ऑपरेशन वाईट असं नाही. ते लवकर सुटका करतं. घाई कशाची आहे हे पेशंटने ठरवायचं.

एक अपवाद मात्र लिहून ठेवा. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, सायकलच्या सीटवर जो भाग टेकतो तिथे बधिरपणा आला, दोन्ही पाय लुळे वाटू लागले, तर रात्री दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठायचं. सकाळची वाट पाहायची नाही. तिथे तासांचा हिशेब असतो, आठवड्यांचा नाही.

सातपूरकर, घरी एवढं करा: टाचांवर दहा पावलं चाला, मग चवड्यांवर दहा. आणि सांगा, चालताना चप्पल पायातून निसटते का?

सातपूरकर | मंगळवार, रात्री ९:३०

डॉक्टर, फार आभार. टाचांवर चाललो, चवड्यांवरही. बायको आणि मुलगा रांगेत मागून चालत होते, खालचे शेजारी वर आले. चप्पल निसटत नाही. लघवी व्यवस्थित. फक्त उजवा अंगठा वर करून बायकोला दाबायला सांगितलं तर डाव्यापेक्षा जरा लवकर खाली जातो.

डॉक्टर_हातोडी | मंगळवार, रात्री १०:१०

तो अंगठाच तुमचं मीटर. दुसऱ्या डॉक्टरांनी तो पाहिलाय हे चांगलं. त्यांच्याकडूनच दर आठवड्याला तपासून घ्या, तेच बोट, तोच अंगठा. जोर आहे तितकाच राहिला किंवा वाढला तर थांबायला हरकत नसावी. कमी होत गेला, पाऊल लटकायला लागलं, तर मात्र थांबण्याचा सल्ला मीही देणार नाही. वेदना किती, यापेक्षा हे महत्त्वाचं. एखाद्याची वेदना अचानक थांबते आणि पाऊल पडतं, तो खूश होऊन घरी बसतो. तो खरा धोका.

पॉलिसीवाले_काका | बुधवार, सकाळी १०:००

सातपूरकर, कडू बातमी माझ्याकडून घ्या. बहुतेक वैयक्तिक मेडिक्लेममध्ये ठरावीक आजारांना २४ महिने थांबावं लागतं, आणि त्या यादीत मोतीबिंदू, हर्निया यांच्या शेजारी मणक्याची चकती बसलेली असते. काहींत ३६ महिने. तुमचे १४ झालेत. अपघाताला सहसा ही अट नसते, पण जॉब उचलताना कट्कन वाजलं याला अपघात म्हणायचं का, यावर वाद होतो. कंपनीची ग्रुप पॉलिसी असेल तर आधी ती काढा, तिच्यात बऱ्याचदा ही अट माफ असते. ईएसआय (सरकारी कामगार विमा) आहे का?

सातपूरकर | बुधवार, सकाळी १०:२०

ईएसआय पगार २१ हजारांच्या वर गेल्यावर सुटलं. ग्रुप पॉलिसीचं एचआरला विचारतो. पहिल्या डॉक्टरांकडे पॅकेज विचारलं तेव्हा तिथल्या माणसाने मणक्याआधी पॉलिसीच बघायला मागितली होती.

लोखंडी_सळई | बुधवार, दुपारी १२:४५

माझा सल्ला एकच, कमरेला सुरी लावू देऊ नका. माझ्या मेहुण्याचं ऑपरेशन झालं, नंतर दोन वर्षांत पुन्हा केलं, आता चार स्क्रू घेऊन फिरतो आणि कंबर आहे तशीच दुखते. मणक्याचं ऑपरेशन केलं की माणूस कामातून गेला. आमच्या गल्लीत विचारा कोणालाही.

सुलभाताई_इंदिरानगर | बुधवार, दुपारी ४:३०

सळईदादा, मी तुमच्या गल्लीतली नाही, म्हणून मला कोणी विचारलं नसेल. वय ६७, कमरेत चार स्क्रू आणि दोन दांड्या. सविस्तर लिहिते.

माझा आजार सातपूरकरांसारखा नव्हता, जवळजवळ उलटा होता. बसले की काही नाही, चालले की पाय भरून यायचे. दोन्ही पाय, मांड्यांपासून, शिसं ओतल्यासारखे. आधी घरापासून देवळापर्यंत जायचे, मग चौकापर्यंत, मग तिसऱ्या गेटपर्यंत. रस्त्यावरच्या सगळ्या पारांची, ओट्यांची, दुकानांच्या पायऱ्यांची मला यादी पाठ होती. दोन मिनिटं वाकून बसले की पाय मोकळे. नातवाबरोबर मॉलमध्ये गेले तेव्हा लक्षात आलं की ट्रॉलीवर रेलून मी तासभर फिरतेय! घरी येऊन मुलाला म्हटलं, मला ट्रॉली घेऊन दे.

आधी एकाने गुडघे सांगितले, दुसऱ्याने रक्तवाहिन्या. मग एका डॉक्टरांनी विचारलं, "नुसतं उभं राहून पाय थांबतात, की बसावं किंवा वाकावंच लागतं?" वाकावंच लागतं म्हटल्यावर ते म्हणाले, हे मणक्यातून येतंय. कण्यातली नळी वयाने अरुंद होते, वाकलं की थोडी उघडते, ताठ उभं राहिलं की मिटते. स्टेनोसिस. त्यातच माझा एक मणका खालच्यावरून पुढे घसरलेला, ग्रेड एक, म्हणजे थोडाच.

दीड वर्ष व्यायाम केला, एकदा मणक्यात इंजेक्शन घेतलं. इंजेक्शनने अडीच महिने छान गेले, भाचीच्या लग्नात मिरवले. मग पुन्हा तेच. शंभर पावलांवर आले तेव्हा ऑपरेशन केलं. नळी मोकळी केली आणि घसरलेला मणका जखडला. दुसऱ्या दिवशी उभं केलं. पहिला महिना वाईट गेला, खोटं बोलत नाही. कमोडवर बसायची, कुशीवर वळून उठायची शिकवणी नव्याने घ्यावी लागली. चौथ्या महिन्यात गोदाकाठी रामकुंडापर्यंत चालत गेले, न बसता.

कंबर सकाळी अजून धरते. खाली मांडी घालून बसता येत नाही. हरितालिकेची पूजा स्टुलावर बसून केली, सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या देव जाणे. पण पाय गेले होते, ते परत आले. मी त्यासाठीच ऑपरेशन केलं होतं.

डॉक्टर_हातोडी | बुधवार, रात्री ९:००

सुलभाताईंनी ज्यासाठी मला चार परिच्छेद लागले असते ते एका वाक्यात लिहिलं. ऑपरेशन पायासाठी असतं. शिरेवरचा दाब निघतो, पाय सुटतो. नुसत्या झिजेच्या कंबरदुखीसाठी केलेलं ऑपरेशन भरवशाचं नसतं. सळईदादा, मेहुण्यांना ऑपरेशनआधी पाय दुखत होता की फक्त कंबर, विचारून पाहा.

शिवाय 'मणक्याचं ऑपरेशन' हे एक ऑपरेशन नव्हे. सातपूरकरांना लागलंच तर मायक्रोडिस्केक्टॉमी, म्हणजे छोट्या छेदातून किंवा दुर्बिणीने बाहेर आलेला तुकडा काढायचा. स्क्रू नाहीत, बहुतेक जण एक-दोन दिवसांत घरी. उरलेली चकती तिथेच असते, म्हणून शंभरातल्या काहींना त्याच जागी पुन्हा त्रास होतो, हे आधी सांगायला हवं. सुलभाताईंचं वेगळं, मोठं. तुम्हाला कोणी साध्या चकतीसाठी पहिल्याच फटक्यात स्क्रू सुचवले तर "मणका अस्थिर आहे का? कशावरून?" एवढं विचारा आणि दुसरं मत घ्या.

'पाय जाईल, लुळे पडाल' याबद्दल: मुख्य मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली घोड्याच्या शेपटीसारखा शिरांचा झुपका असतो. एल-४ एल-५ ला एका शिरेवर दाब म्हणजे दोन्ही पाय लुळे, असं समीकरण नाही. धोका त्या अख्ख्या झुपक्यावर दाब आला तर. त्याची लक्षणं वर लिहिली आहेत.

लोखंडी_सळई | बुधवार, रात्री ९:४०

मेहुण्याला विचारलं. पाय कधीच दुखत नव्हता म्हणाला. फक्त कंबर. घ्या.

निर्गुडी | गुरुवार, सकाळी ८:१०

आयुर्वेदात याला गृध्रसी म्हणतात, गिधाडासारखी चाल होते म्हणून. कटिबस्तीने (कमरेवर पिठाच्या कड्यात कोमट तेल धरतात ती) माझ्या आईला फार आराम पडला. सगळं सुरीच्या आणि गोळ्यांच्या लोकांनीच ठरवायचं का?

डॉक्टर_हातोडी | गुरुवार, सकाळी ८:५५

शेकाने स्नायू सैल होतात, आराम पडतो, माझी काहीच हरकत नाही. मीही घरी गरम पाण्याची पिशवीच घेतो. हरकत आहे ती कंबर किंवा मान झटका देऊन 'बसवणाऱ्यां'ना. आणि अंगठा रोज उतरत असताना "अजून सात बस्त्या होऊ द्या" म्हणणाऱ्यांना.

फिजिओ_ताई | गुरुवार, दुपारी १:३०

उशिरा आले, पण कळकळीचं एक. सुलभाताईंचा व्यायाम सातपूरकरांनी करू नये आणि सातपूरकरांचा सुलभाताईंनी. चकतीवाल्यांना बऱ्याचदा मागे वाकून, पालथं झोपून कोपरांवर उठून बरं वाटतं. नळी अरुंद झालेल्यांना त्याने त्रास होतो, त्यांना गुडघे छातीशी घेऊन, पुढे वाकून, सायकल चालवून बरं वाटतं. आणि लोक सोसायटीच्या ग्रुपवर आलेलं 'कमरेचे ७ रामबाण व्यायाम' सगळे मिळून करतात.

दुसरं, वेदना कुठे सरकते ते बघा. पावलातली वेदना पोटरीत आली, पोटरीतली मांडीत, मग कुल्ल्यात, कंबर मात्र जास्त दुखायला लागली, तर घाबरून व्यायाम सोडू नका, ही बहुधा सुधारणेची वाट आहे. उलट कंबर थांबली आणि पाऊल जास्त झणझणलं तर तो व्यायाम तिथेच बंद.

झोपून राहू नका. दोन-तीन दिवसांपलीकडे पलंग औषध नाही, आजार आहे. थोडं थोडं चाला, दिवसातून सहा वेळा दहा मिनिटं. पट्टा प्रवासात बांधा, रात्रंदिवस नको. वजन लटकवून ताणणं (ट्रॅक्शन) आमच्याकडे अजून मागतात लोक, मशीन दिसतं म्हणून पैसे वसूल वाटतात, पण त्याचा फारसा फायदा दिसलेला नाही.

काळी_बाग_दिंडोरी | गुरुवार, रात्री १०:३०

मी सहसा लिहीत नाही. वाचून राहवलं नाही.

२०२१ ची गोष्ट. माझा धाकटा भाऊ, वय २४. द्राक्षबागेत थिनिंग (घडातले मणी विरळ करणं) चालू होतं. पाठ दुखते म्हणाला. कंबर नाही, जरा वर, ब्लाउजच्या हुकाच्या जागी म्हणतो तिथं. सगळ्यांनी सांगितलं, ब्लोअरच्या ट्रॅक्टरवर बसून मणक्यात गॅप आला. चार महिने गोळ्या, मालिश, पट्टा. रात्री दुखून उठायचा. संध्याकाळी अंग कोमट असायचं, आम्ही म्हणायचो दिवसभर उन्हात असतो. पँट ढिली झाली, म्हणालो काम करतो म्हणून. मग एक दिवस बांधावरून उतरताना दोन्ही पाय लटपटले.

एमआरआयमध्ये दोन मणके कुरतडल्यासारखे आणि मधे पू. टीबी. खोकला नाही, काही नाही, थेट मणक्यात टीबी! सुईने तिथला नमुना काढून तपासला, मग गोळ्या सुरू झाल्या. सरकारीत फुकट मिळतात. १४ महिने घेतल्या, एक दिवस चुकू दिला नाही, आई कॅलेंडरवर फुली मारायची. निक्षयचे (टीबीच्या पेशंटला खाण्यापिण्यासाठी सरकारी मदत) तेव्हा महिन्याला ५०० यायचे, आता १००० केलेत. ऑपरेशन लागलं नाही, पाय आठ आठवड्यांत स्थिरावले. आता बागेत आहे, पाठीला थोडं पोक राहिलंय.

भावाच्या चार महिन्यांत एकाने जरी विचारलं असतं की ताप येतो का, वजन उतरलं का, तर पोक राहिलं नसतं.

डॉक्टर_हातोडी | शुक्रवार, सकाळी ७:०५

हा प्रतिसाद धाग्यात सगळ्यात वर लावता आला तर लावा. रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, संध्याकाळचा ताप, घटलेलं वजन, पूर्वी झालेला कॅन्सर, म्हाताऱ्या माणसाला साधं पडून लागलेली कळ, यातलं काहीही असलं तर 'गॅप' म्हणून बसायचं नाही.

रात्रपाळी_आयटी | शुक्रवार, सकाळी ११:४०

२८ वर्षं. सकाळी उठल्यावर तासभर पाठ लाकडासारखी, जिमला गेलं की मोकळी, रविवारी झोपून राहिलो की वाईट. दोन वर्षं असंच. खुर्चीचा दोष म्हणून १८ हजारांची खुर्ची घेतली.

डॉक्टर_हातोडी | शुक्रवार, दुपारी १२:१०

खुर्ची विकू नका, पण संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. विश्रांतीने वाढणारी आणि हालचालीने कमी होणारी तरुणाची पाठदुखी म्हणजे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, मणक्यांचा संधिवात, असू शकतो. त्याला वेगळी औषधं आहेत आणि लवकर सुरू करण्यात फायदा आहे.

काळी_बाग_दिंडोरी | शुक्रवार, दुपारी १:००

डॉक्टर, एकच. थिनिंगच्या बायका दिवसभर मांडवाखाली मान वर करून असतात. त्यातली एक म्हणते हाताला मुंग्या येतात, कात्री पडते हातातून.

डॉक्टर_हातोडी | शुक्रवार, दुपारी १:२०

मुंग्या मनगटातल्या दबलेल्या शिरेच्याही असतात, बी-१२ कमी असल्याच्याही. पण त्यांना विचारा, साडीची पिन, ब्लाउजची बटणं लावताना बोटं चुकतात का? चालताना तोल जातो का? तसं असेल तर मानेत शिरेवर नाही, मज्जारज्जूवर दाब असू शकतो. तिथे 'थांबून बघू' चालत नाही. याच आठवड्यात दाखवा.

कडू_कारलं | शुक्रवार, दुपारी १:४५

मी सकाळपासून टाचांवर चालतोय. मला काहीच झालेलं नाही. बायको म्हणते डोक्याचा एमआरआय कर.

सातपूरकर | पाच आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ११:१५

धागा वर काढतोय. खुर्चीत बसून टाइप करतोय.

दुसऱ्या डॉक्टरांकडे दर शनिवारी अंगठा दाखवायला गेलो. पहिले दोन आठवडे तसाच. तिसऱ्या आठवड्यात फिजिओ_ताईंनी लिहिलेलं तंतोतंत झालं, पावलातला करंट पोटरीत आला आणि कंबर अशी दुखायला लागली की वाटलं सगळं बिघडलं. त्यांचा प्रतिसाद बायकोने वाचून दाखवला म्हणून व्यायाम सोडला नाही. चौथ्या आठवड्यात मांडीपर्यंत वर आला. दुखणं सुरू झाल्यापासून आता दहावा आठवडा. फक्त कुल्ल्यात, तोही बाइकवरून गंगापूर रोडचे स्पीडब्रेकर घेताना. अंगठा कालच्या शनिवारी डाव्याच्या बरोबरीला आला, डॉक्टरांना दोन बोटं लावावी लागली. सकाळी मिसळ खाल्ली, टेबलावर, दोन पाव आणि वरून ताक, पूर्णवेळ बसून.

कंपनीने दोन महिने उचलायचं काम काढून इन्स्पेक्शनला बसवलंय. एचआर म्हणतात ग्रुप पॉलिसीत थांबायची अट नाही, लागलंच तर आहे. काका, आभार.

आणि हो, सांगायचं राहिलं. आईच्या समाधानासाठी मखमलाबादलाही जाऊन आलो. पायाळू मावशी ७४ वर्षांच्या. मी उंबऱ्यात पालथा झोपलो. त्यांनी पाय उचलायचा प्रयत्न केला आणि भिंत धरून तिथेच बसल्या. म्हणाल्या, "बाळा, चार पावलं चालले की दोन्ही पाय भरून येतात, वाकून बसले की मोकळे होतात." मी त्यांना सुलभाताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. सोमवारी त्यांना माझ्या डॉक्टरांकडे घेऊन जातोय.

निफाडकर | रविवार, सकाळी ११:३०

पाय लागला होता का पाठीला, आधी ते सांगा.

सातपूरकर | रविवार, सकाळी ११:३२

पडता पडता एकदा लागला.

निफाडकर | रविवार, सकाळी ११:३३

मग झालं तर.